धेंपो स्पोर्ट्स क्लब : डिचोलीपासून सहा दशके

बिलोली हे नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे तालुक्याचे गाव. मांजरा ओलांडली की तेलंगण लागते. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. त्यामुळे आमच्या आजोबांच्या पिढीने फुटबॉलचे नाव ऐकले ते हैदराबादकडून. सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. त्याच रहीमसाहेबांच्या हाताखाली भारतीय संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन परतला. पुढे हैदराबादच्या फुटबॉलला ओहोटी लागली. ज्या शहराने देशाला इतके खेळाडू दिले, तिथली मैदाने सुनी का पडली, हा प्रश्न माझ्या मनात तरुणपणापासून आहे.

गोव्याच्या धेंपो स्पोर्ट्स क्लबचा इतिहास या स्मरणिकेसाठी लिहायला घेतला तेव्हा तोच प्रश्न उलट बाजूने समोर आला. पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवलेला हा क्लब २०१५ साली खालच्या श्रेणीत गेला. त्याच्या बरोबरीचे, त्याच्यापेक्षा श्रीमंत मालकांचे कितीतरी संघ तेवढ्या धक्क्याने, किंवा त्याहून लहान धक्क्याने, कायमचे मिटले. धेंपो का मिटला नाही? स्मरणिकांमध्ये करंडकांची यादी असते आणि अपयशाचे वर्ष एका ओळीत आटोपते अशी आपल्याकडची रीत आहे. संपादक मंडळाची परवानगी घेऊन मी ती रीत इथे मोडली आहे. २०१५ चे वर्ष या इतिहासात त्याच्या पूर्ण लांबीने आले आहे, कारण हा क्लब काय आहे हे त्या वर्षी आणि त्यानंतरच्या नऊ वर्षांत सर्वांत स्पष्ट दिसले.

१९६० चे दशक : डिचोलीचा संघ

गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ साली. विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूंनी शिवोलीत मुलांना हा खेळ शिकवला, असे मानले जाते. शाळा आणि चर्च यांच्या आधाराने तो गावोगाव पसरला. भात कापणी झाली की शेते मोकळी होतात, आणि मोकळे शेत म्हणजे मैदान. मळणी झाल्यावर आमच्याकडची पोरे खळ्यावर कबड्डीचे पाट आखत, तसेच हे. १९५१ साली वास्को क्लब, १९५६ साली साळगावकर, १९५९ साली गोवा फुटबॉल असोसिएशन, अशी एकेक संस्था उभी राहत गेली.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. याच वर्षाशी क्लबचा जन्म जोडलेला आहे. डिचोलीत 'क्लुब द देस्पोर्तुश द बिशोली' या पोर्तुगीज नावाने तो सुरू झाला. बिशोली म्हणजे डिचोली. खाणींचा तालुका, लोहखनिजाच्या लाल धुळीने माखलेले रस्ते, आणि मांडवीतून मुरगावच्या बंदराकडे निघालेली बार्जेस. या भागातली पोरे ज्या संघातून खेळू लागली, तो संघ सुरुवातीला स्थानिक मंडळींच्या उत्साहावर चालत होता. त्या काळात अशा संघाला लागत काय होते? एक चेंडू, बुटांच्या थोड्या जोड्या, सामन्याला जायला एखादी गाडी, आणि संध्याकाळी मैदानावर पाणी मारणारा कुणीतरी. हे 'कुणीतरी' प्रत्येक संस्थेच्या पायात असतात. त्यांची नावे कागदोपत्री राहिली नाहीत, म्हणून त्यांचे ऋण एकत्रितच मानायला हवे.

दशकाच्या उत्तरार्धात खाणउद्योगातील धेंपो घराण्याने हा संघ आपल्याकडे घेतला आणि त्याला आजचे नाव मिळाले. वसंतराव धेंपो आणि त्यांचे बंधू वैकुंठराव यांचे घर तोवर गोव्याच्या सार्वजनिक जीवनात नुसते उद्योजकाचे घर राहिले नव्हते. मुक्तीनंतर अवघ्या काही महिन्यांत, १९६२ साली, त्यांच्या विश्वस्त संस्थेने गोव्यातल्या पहिल्या महाविद्यालयांपैकी एक काढले. तेच आजचे धेंपे महाविद्यालय. १९६३ साली 'नवहिंद टाइम्स' हे इंग्रजी दैनिक निघाले आणि १९७० साली 'नवप्रभा' हे मराठी दैनिक. महाविद्यालय, वर्तमानपत्र आणि फुटबॉलचा संघ अशी तीन रोपे एकाच दशकात, एकाच अंगणात लागली. नव्याने स्वतंत्र झालेल्या प्रदेशाला काय काय लागते, याची त्यांची समज त्यातून कळते.

हे वाचताना मला आमच्या तालुक्यातले सगरोळी आठवते. १९५९ साली बाबासाहेब देशमुखांनी तिथे संस्कृति संवर्धन मंडळ उभे केले. निजामाच्या राजवटीतून सुटलेला आमचा भाग आणि पोर्तुगीज राजवटीतून सुटलेला त्यांचा भाग, दोन्हीकडे त्या पिढीच्या डोक्यात एकच गोष्ट होती: आधी संस्था उभ्या करायच्या. डिचोली आणि बिलोली यांच्यात अंतर फार. पण त्या पिढीतली ही माणसे एकमेकांना चटकन ओळखतील.

१९७० चे दशक : मुंबईची वाट

त्या काळी देशपातळीवरची लीग नव्हती. नाव काढायचे तर मोठ्या बाद पद्धतीच्या स्पर्धा जिंकायच्या: कोलकात्याची आयएफए शील्ड, दिल्लीची ड्युरँड आणि मुंबईची रोव्हर्स. १८९१ पासून चालत आलेला रोव्हर्स करंडक कूपरेजच्या मैदानावर खेळला जाई. गोव्याहून मुंबईला जाणारी बोट, धोबीतलावच्या आसपासची गोवेकरांची कुडी म्हणजे गावाच्या नावाने चालणाऱ्या सामायिक खोल्या, आणि संध्याकाळी कूपरेजच्या लाकडी बाकांवर आपल्या गावच्या पोरांसाठी घसा फोडणारे बोटीवरचे खलाशी नि कार्यालयातले कारकून. गोव्याच्या संघांचे निम्मे घर मुंबईतच होते.

सत्तरच्या दशकात धेंपोने हा करंडक एकाहून अधिक वेळा नेला. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांची रोव्हर्सवर जी पकड होती ती पाहता हे यश साधे नव्हते. कोकण किनाऱ्यावरचा एक लहानसा प्रदेश मोठ्यांच्या पंगतीत बसू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. साळगावकर, वास्को, सेसा, धेंपो या सगळ्यांच्या चुरशीतून गोव्याचा खेळाडू घडत होता. खाणकंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देत. दिवसा कार्यालय किंवा गोदी, संध्याकाळी सराव. खेळणारा माणूस उपाशी राहणार नाही एवढी सोय त्यामुळे झाली, आणि आईवडिलांनी मुलाला मैदानावर सोडायला एक कारण मिळाले.

१९८० आणि १९९० : बदलते मैदान

या वीस वर्षांबद्दल थोडक्यात लिहितो. १९८६ साली क्लबने पुन्हा रोव्हर्स जिंकला. राज्य म्हणून गोव्याने ऐंशीच्या दशकात संतोष करंडकावर नाव कोरले. १९८९ साली मडगावला फातोर्डाचे स्टेडियम उभे राहिले आणि मोठे सामने घराजवळ आले. क्लबच्या घरात या काळात मतभेद झाले नसतील असे नाही. चाळीस माणसे एकत्र आली की ते होणारच. ते ज्यांनी सोसले, मिटवले आणि मैदानापर्यंत येऊ दिले नाहीत त्यांच्या समंजसपणाची नोंद इथे पुरेशी आहे.

या काळातला खरा बदल १९९६ साली झाला. त्या वर्षी राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. बाद स्पर्धेत हरलेला संघ पुढच्या वर्षी त्याच दारातून पुन्हा आत येतो. लीगमध्ये तसे नसते. वर्षभर प्रत्येकाने प्रत्येकाशी घरी एकदा आणि बाहेर एकदा खेळायचे, जिंकल्यास तीन गुण, बरोबरीला एक, आणि शेवटी गुणतक्त्याच्या तळाशी राहील त्याने खालच्या श्रेणीत जायचे. याला पदावनती म्हणतात. आमच्या भागातल्या वाचकांना कबड्डी आणि खो-खोच्या स्पर्धा माहीत आहेत, तिथे ही पायरी नाही, म्हणून हे एवढे सांगितले. एका दुपारी वाईट खेळून कुणी खाली जात नाही. खाली जायला पूर्ण मोसम लागतो, आणि म्हणूनच ते जास्त झोंबते.

२००० चे दशक : पाच विजेतेपदांचा काळ

सन २००० च्या आसपास आर्मांदो कुलासो क्लबचे प्रशिक्षक झाले आणि तेरा-चौदा मोसम राहिले. भारतीय क्लबांत प्रशिक्षक दोन पराभवांत बदलतो. इथे एका स्थानिक माणसावर विश्वास ठेवून त्याला वेळ दिला गेला. माझ्या मते पुढच्या सर्व यशाचे मूळ या एका निर्णयात आहे. याच कुलासोंना २०२४ चा जीवनगौरव द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

२००३-०४ मध्ये क्लब राष्ट्रीय लीगमध्ये दुसरा आला. मग आला २००४-०५ चा मोसम. त्याच्या सुरुवातीचीच एक संध्याकाळ क्लब कधी विसरला नाही.

५ डिसेंबर २००४. बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर फेडरेशन करंडकाचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. ब्राझीलहून आलेला आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर याने पहिला गोल केला. सामना संपत आला असताना त्याने दुसराही केला, आणि त्याच क्षणी पुढे आलेल्या गोलरक्षकाशी त्याची धडक झाली. तो खाली कोसळला तो उठला नाही. धेंपोने सामना दोन-शून्यने जिंकला. करंडक हातात आला तेव्हा तो जिंकून देणारा पोरगा जग सोडून गेला होता. पंचवीस वर्षांचे वय. क्लबने त्याची १० क्रमांकाची जर्सी निवृत्त केली. त्या घटनेनंतर भारतात मैदानावरील वैद्यकीय सोयींबद्दल बरेच बोलले गेले. ते बोलणे प्रत्येक मैदानावर पोचले का, हे आजही तपासून पाहावे लागते. आमच्या तालुक्यातल्या स्पर्धांना प्रथमोपचाराची पेटी असली तरी नशीब.

त्या दुःखातून सावरत त्याच मोसमात क्लबने पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली. दुसरा आला स्पोर्टिंग क्लब द गोवा. देशातले पहिले दोन्ही संघ एकाच छोट्या राज्याचे. २००६ साली ड्युरँड करंडक आला. २००६-०७ ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि ती त्या नावाची शेवटची लीग ठरली. २००७-०८ पासून तिची जागा आय-लीगने घेतली. तिचा पहिला विजेताही धेंपोच, आणि या वेळी दुसऱ्या क्रमांकावर गोव्याचाच चर्चिल ब्रदर्स. २००८ साली क्लबने आशियाई पातळीवरच्या एएफसी करंडकाची उपांत्य फेरी गाठली. तिथे लेबनॉनच्या सफा क्लबने त्याला रोखले. तोवर कुठलाही भारतीय क्लब त्या स्पर्धेत इतका पुढे गेला नव्हता.

या संघाची बांधणी ज्यांनी पाहिली ते अजून तिच्याबद्दल बोलतात. बचावात महेश गवळी आणि समीर नाईक, मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा, ब्राझीलचा बेटो, आणि पुढे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. यातले बरेच जण वर्षानुवर्षे एकत्र राहिले. एकमेकांचे पाय त्यांना पाठ होते. चेंडू कुठे येईल हे मान न वळवता कळावे इतका सराव फक्त सहवासाने होतो. गोलांची आकडेवारी रँटीच्या नावावर आहे, पण त्याच्यापर्यंत चेंडू पोचवणाऱ्यांची फळी तितकीच मोलाची. सरावाचे मैदान राखणारे, कपडे-बूट सांभाळणारे, मालिश करणारे, सामन्याच्या गावी जेवणाची सोय पाहणारे यांचाही त्या करंडकांवर हक्क आहे. जुने गोवे येथील एल्ला मैदानावर युवक संघांची जी अकादमी उभी राहिली, ती याच सुगीच्या काळातली साठवण म्हणता येईल.

एक व्यावहारिक बाब इथे नोंदवली पाहिजे. जून २००९ मध्ये धेंपो समूहाने आपला खाणव्यवसाय सेसा गोवा कंपनीला सुमारे १,७५० कोटी रुपयांना विकला. ज्या लाल मातीतून संघ जन्मला ती माती विकली गेली, पण संघ विकला नाही. पुढे २०१२ साली गोव्यातील खाणकाम थांबले आणि राज्याच्या अर्थकारणाला मोठा धक्का बसला. खाणीशी नाळ तुटूनही क्लब चालवायचा, हा निर्णय श्रीनिवास धेंपो यांच्या पिढीने आधीच घेतला होता.

२०१० चे दशक : शिखर, घसरण, माघार

दशकाची सुरुवात थाटात झाली. २००९-१० ची आय-लीग धेंपोने जिंकली. २०११-१२ ची पुन्हा. त्या मोसमात रँटी मार्टिन्सने एकट्याने ३२ गोल केले. राष्ट्रीय लीगची दोन आणि आय-लीगची तीन, अशी पाच विजेतेपदे. २०१२ साली गोवा सरकारने फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून घोषित केले तेव्हा त्या घोषणेत धेंपोच्या पोरांचाही घाम होता.

मग एकेक धागा सुटत गेला. रँटी २०१२ साली दुसऱ्या क्लबकडे गेला. कुलासो २०१३ साली कोलकात्याला ईस्ट बंगालकडे गेले. दशकभर एकत्र खेळलेल्या पिढीचे वय झाले. संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाला हा टप्पा माहीत असतो: पहिल्या फळीने इतकी वर्षे भार वाहिलेला असतो की दुसरी फळी तयार आहे की नाही हे पाहायचे राहून जाते.

त्याच सुमारास देशातल्या फुटबॉलची जमीनच हलली. २०१४ च्या पावसाळ्यानंतर इंडियन सुपर लीग सुरू झाली. तिच्यातल्या एफसी गोवा संघाच्या मालकांत श्रीनिवास धेंपो, दत्तराज साळगावकर आणि आमच्या मराठवाड्यातून वाढलेल्या व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत हे होते. धेंपोचे रोमिओ फर्नांडिस आणि मंदार राव देसाई हे खेळाडू ऑक्टोबर ते डिसेंबर एफसी गोवाच्या जर्सीत खेळले आणि जानेवारीत परत आपल्या क्लबच्या.

त्या २०१४-१५ च्या मोसमाचे वैशिष्ट्य असे की त्याची सुरुवात पाहून कुणालाही शेवटाचा अंदाज आला नसता. ११ जानेवारी २०१५ रोजी फातोर्ड्यावर फेडरेशन करंडकाचा अंतिम सामना झाला. धेंपो त्यात होता. बंगळुरू एफसीने दोन-एकने जिंकले, पण उपविजेतेपद म्हणजे संघात दम आहे असाच अर्थ सर्वांनी घेतला. त्याच मोसमात रोमिओ फर्नांडिसला ब्राझीलच्या आत्लेतिको पारानाएन्से क्लबकडून बोलावणे आले आणि धेंपोने त्याला जाऊ दिले. एक भारतीय पोरगा ब्राझीलमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळायला निघाला होता. आपल्या अडचणीच्या काळात त्याची वाट अडवली नाही, हे मी क्लबच्या मोठ्या यशांपैकी एक मानतो, जरी त्याचा करंडक कुठल्याही कपाटात नाही.

आय-लीगमध्ये त्या वर्षी अकरा संघ होते, प्रत्येकाला वीस सामने. जानेवारीत सुरू होऊन मे अखेर संपणारी स्पर्धा म्हणजे पावसाआधीच्या उन्हात, लांबच्या प्रवासात खेळायचे. तळाच्या भागातल्या संघांमध्ये फार अंतर नव्हते. अशा वेळी एखादी शेवटच्या मिनिटाची बरोबरी दोन गुण घेऊन जाते आणि ते दोन गुण मे महिन्यात डोळ्यांसमोर नाचतात. नव्याने थेट प्रवेश मिळालेल्या पुण्याच्या भारत एफसीला नियमानुसार पदावनतीपासून संरक्षण होते. त्यामुळे खाली जायची पाळी आली ती धेंपोवर. पाच वेळचा विजेता. पाचवे विजेतेपद मिळवून तीनच वर्षे झाली होती.

जे घडले त्याचे खापर कुणा एकावर फोडणे सोपे आहे आणि त्या वेळी तसे बोललेही गेले असेल. इतिहास म्हणून मला कारणे साधी दिसतात. जुनी फळी एकदम ओसरली, नवी फळी एकाच वर्षात दोन लीगच्या ओढाताणीत सापडली, आणि अटीतटीच्या सामन्यात सामना थंड डोक्याने संपवणारा माणूस कमी पडला. आदल्या वर्षी चर्चिल ब्रदर्सवरही हीच वेळ आली होती, आणि तो त्याच्याही आदल्या वर्षीचा आय-लीग विजेता होता. लागोपाठ दोन वर्षांत गोव्याचे दोन माजी विजेते वरच्या श्रेणीतून गेले.

पण त्या उन्हाळ्यात पुढे काय झाले ते पाहा. पुणे एफसी बंद पडला. ज्याला नियमाने संरक्षण होते तो भारत एफसीही बंद पडला. शिलाँगचा रॉयल वाहिंगडोह त्या मोसमात तिसरा आला होता, त्यानेही लीग सोडली. खाली गेलेला धेंपो मात्र राहिला आणि २०१५-१६ मध्ये दुसऱ्या श्रेणीत खेळायला उतरला. मोठ्या मैदानांची सवय असलेल्या क्लबने लहान मैदानांवर, तुरळक प्रेक्षकांपुढे, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातही न येणारे सामने खेळायचे, यासाठी वेगळीच ताकद लागते. पोरांनी ती दाखवली. त्या वर्षीची दुसरी श्रेणी धेंपोने जिंकली. दुसरा आला पंजाबचा मिनर्व्हा, जो दोनच वर्षांनी, २०१७-१८ मध्ये, आय-लीगचा विजेता झाला. यावरून त्या खालच्या श्रेणीतली चुरस समजावी. एका वर्षात खाली आणि एका वर्षात वर. हक्क मैदानावर परत मिळवला होता.

आणि तो हक्क क्लबने वापरला नाही. २०१६ च्या मे महिन्यात राष्ट्रीय महासंघाने जो आराखडा मांडला त्यात सुपर लीग वरची आणि आय-लीग तिच्या खालची ठरणार होती. वरच्या लीगमध्ये मैदानावरच्या कामगिरीने जाण्याची वाट त्यात नव्हती. ज्याने नुकतेच पायऱ्या चढून दाखवल्या त्याला सांगण्यात आले की जिना अर्ध्यावर संपतो. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली. याच सुमारास धेंपो आणि साळगावकर एफसी गोवाच्या मालकीतूनही बाहेर पडले. गोव्याच्या प्रेक्षकांना ही माघार फार लागली. खुद्द माझेही मत त्या वेळी असे होते की खेळत राहून भांडायला हवे होते. आज मागे वळून पाहताना तिन्ही क्लबांचे म्हणणे रास्त होते असे वाटते. चढ-उताराशिवाय लीगला अर्थ नाही, हे ते सांगत होते, आणि उतार भोगलेला क्लब ते सांगत होता म्हणून त्याला वजन होते.

त्या माघारीचे एक फळ दूर मिझोराममध्ये लागले. २०१५-१६ मध्ये पदावनत झालेल्या ऐझॉल एफसीला रिकाम्या जागेमुळे परत घेण्यात आले. मुंबई एफसीतून बाहेर पडलेले प्रशिक्षक खालिद जमील त्यांच्याकडे गेले आणि २०१६-१७ ची आय-लीग ऐझॉलने जिंकली. त्याच मोसमात तळाला राहिलेला मुंबई एफसी खाली गेला आणि मिटला.

धेंपो या वर्षांत गोवा प्रोफेशनल लीगमध्ये खेळत राहिला. भर तरुण पोरांवर आणि अकादमीवर दिला. राष्ट्रीय नकाशावर नाव नाही, दूरदर्शनवर सामने नाहीत, तरी सराव ठरल्या वेळी सुरू होत असे. हैदराबादचा माझा जुना प्रश्न इथे सुटतो. तिथे खेळाडू होते, प्रेम होते, पण वाईट वर्षांत दिवा तेवत ठेवणारी घडी मोडली. इथे ती घडी टिकली.

२०२० नंतर : पुन्हा जिना

करोनाच्या काळाने सगळ्यांचीच दोन वर्षे खाल्ली. त्यानंतर २०२२-२३ ची गोवा प्रोफेशनल लीग धेंपोने जिंकली. क्लबने पुन्हा राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचे ठरवले. मधल्या काळात महासंघाने वरच्या दाराची कडी काढली होती: आय-लीग विजेत्याला सुपर लीगमध्ये बढती मिळू लागली होती. २०१६ साली ज्यासाठी भांडण झाले ती गोष्ट निदान एका दिशेने मान्य झाली.

संघाचे प्रशिक्षक होते समीर नाईक, सोनेरी काळातला तोच बचावपटू. त्याचे साथीदारही मैदानाबाहेरच्या कामाला लागले आहेत. महेश गवळी यांनी भारताच्या संघांना शिकवले, तर क्लिफर्ड मिरांडाच्या मार्गदर्शनाखाली ओडिशा एफसीने २०२३ चा सुपर करंडक जिंकला. खालच्या पायऱ्यांवरून खेळत येत २०२३-२४ मध्ये धेंपोने आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत दुसरा क्रमांक मिळवला आणि पहिला आलेल्या स्पोर्टिंग क्लब बंगळुरूसोबत आय-लीगमध्ये बढती मिळवली. ज्या श्रेणीतून मे २०१५ मध्ये क्लब खाली आला, तिथे तो नऊ वर्षांनी परत गेला.

२०२४-२५ चा मोसम कठीण गेला. नवखी पोरे आणि काश्मीरपासून ऐझॉलपर्यंतचा प्रवास. पण मोसमाअखेर दिल्ली एफसी आणि सोबत वर आलेला स्पोर्टिंग क्लब बंगळुरू हे दोन संघ खाली गेले. धेंपो टिकला. ज्यांनी दहा वर्षांपूर्वीची ती मे महिन्याची संध्याकाळ पाहिली होती, त्यांना या टिकण्याची किंमत करंडकाइतकीच वाटली असणार.

एक विनंती आहे. क्लबच्या पहिल्या वर्षांची, डिचोलीच्या संघाची आणि कूपरेजवरच्या सामन्यांची छायाचित्रे, तिकिटे, पत्रके अजूनही गोव्यात आणि मुंबईत जुन्या घरांच्या पेट्यांत पडलेली असतील. ज्यांच्याकडे असतील त्यांनी ती क्लबकडे पोचवावीत. विजयाची चित्रे सगळेच जपतात, ती मिळतीलच. २०१५ च्या मोसमातली, रिकाम्या होत चाललेल्या बाकांची आणि सामना संपल्यावर मैदानावर बसून राहिलेल्या पोरांची चित्रे कुणी काढली असतील, तर तीही आवर्जून द्यावीत.